जयवंतकाकांचा रिलीव्हर

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर काकी सांगतीलच. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘तपासनीसाची पात्रता’. तो मी रिकामा सोडायला हवा होता. पण मी सेलूच्या शाळेत शिकलो. रकाना रिकामा दिसला की आमचे सर फॉर्म तोंडावर फेकायचे. तेव्हापासून रिकामा रकाना माझ्याच्याने बघवत नाही. मी लिहिलं, ‘प्रथम श्रेणी बॉयलर अटेंडंट, अनुभव चौतीस वर्षं.’ त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. घोळ तिथेच झाला.

घाटकोपरच्या एका ऑफिसात मी लोकांना सुट्टीची घरं बुक करून देतो. नवी जागा साइटवर चढवायच्या आधी कोणीतरी जाऊन ती तपासून यायची असते. नळ, वायरिंग, गीझर वगैरे. तपासणाऱ्याला सपत्नीक दोन रात्री फुकट. यावेळची जागा होती तांबडवाडी, पार खाली, गोव्याच्या हद्दीला चिकटलेलं जुनं लोखंडाच्या खाणीचं गाव. खाण बंद पडली तशी खाणीच्या कारकुनांची क्वार्टर्स कोणीतरी विकत घेतली, त्यांची सहा कॉटेज केली आणि प्रत्येकीच्या मागच्या अंगणात गरम पाण्याचा गोल लाकडी टब बसवला. आमचा नेहमीचा इंजिनियर तापाने पडला होता. अनुपमा मॅडम म्हणाल्या, “दुसरं कोणीतरी शोध आणि फोटो काढायला तूही जा.” मी संध्याकाळी घरी आलो आणि जयवंतकाकांचं नाव टाकून दिलं.

घर म्हणजे काकांचं घर. विक्रोळीला कन्नमवार नगरात एक खोली, एक स्वयंपाकघर आणि ग्रिल लावून बंद केलेली गॅलरी. त्या गॅलरीत चार वर्षं भाड्याने माझी खाट आहे.

जयवंत घाडी चौतीस वर्षं एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलरचा नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस येऊन वहीत सही करत नाही तोवर जागा सोडायची नाही. घरी आग लागली तरी नाही, कारण इथली आग आधीची. पुढच्या पाळीच्या माणसाला म्हणतात रिलीव्हर. काकांचा रिलीव्हर होता नाना, मनाने देवमाणूस आणि वेळेच्या बाबतीत सैतान. नाना आला नाही म्हणून काका स्वतःच्या साखरपुड्याला कानात काजळी घेऊन पोचले. नाना आला नाही म्हणून महाबळेश्वरची लग्नानंतरची तिकिटं मेव्हण्याने वापरली. आणि गंधालीचा, म्हणजे त्यांच्या लेकीचा जन्म झाला तेव्हा काका दवाखान्यात पोचेपर्यंत पोरगी दोन पाळ्यांची झाली होती.

दोन वर्षांपूर्वी काका रिटायर झाले. पण घरी कुकरची शिट्टी झाली तरी ते अजून उठून उभे राहतात. काकी ओरडतात, “बसा ओ! कुकर माझा आहे.”

तांबडवाडीचं मी सांगितलं तेव्हा काकी भाजी निवडत होत्या. त्यांनी टबाचा फोटो बराच वेळ पाहिला. मग हळूच, काका बाथरूममध्ये असताना, मला म्हणाल्या, “मला ते गरम पाणी-बिणी काय नको रे. एक तास पाहिजे. त्यांनी घड्याळाकडे न बघता माझ्या बाजूला एक तास बसावं. एकतीस वर्षांत एकदा. जास्त मागते का मी?”

मी म्हटलं, “काकी, दोन दिवस आहेत. अठ्ठेचाळीस मिळतील.”

काही माणसं आपलं तोंड शिवून का घेत नाहीत, मला कळत नाही.

शुक्रवारी सकाळी बसमधून उतरलो तर रस्ता तांबडा, झाडांची पानं तांबडी, कुत्रंसुद्धा तांबडं. खाण बंद पडून बारा-तेरा वर्षं झाली, पण धूळ अजून नोकरीवर होती. गावाच्या टोकाला खाणीचा खड्डा, त्यात हिरवंगार पाणी आणि भोवती तारेचं कुंपण. गेटवर मॅनेजर उभा होता, प्रांजल नावाचा, माझ्याच वयाचा, गोड मुलगा. त्याने काकांच्या हातातली पिशवी घेतली आणि वाकून म्हणाला, “या सर.”

काकांनी मागे वळून पाहिलं, सर कोण आलंय म्हणून.

आमची कॉटेज तीन नंबरची. मागच्या अंगणात टब, पुरुषभर रुंद, त्यातून वाफा निघतायत. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “हां. म्हणजे ह्यात माणसं शिजवतात.” पण डोळे चमकले होते. घाटकोपरच्या मार्केटमधून त्यांनी मुद्दाम काळी लेगिंग आणि लांब कुर्ता घेतला होता, पाण्यात फुगणार नाही असा. दुकानदाराला तीन वेळा विचारून घेतला होता.

तेवढ्यात प्रांजल म्हणाला, “सर, बरं झालं तुम्ही आलात. फॉर्म वाचला आणि मी काशीरामला लगेच सोडलं. बंबावरचा माणूस आमचा. भाचीचं लग्न होतं बिचाऱ्याच्या, आठ महिन्यांत सुटी नव्हती. म्हटलं, मुंबईहून फर्स्ट क्लास साहेब येतायत, तीन दिवस बघतील. रविवारी पाचला येतोच तो. ही शेडची चावी.”

मुंबईत फॉर्म कोणी वाचत नाही. तांबडवाडीत वाचतात.

काका माझ्याकडे बघायला लागले. मी टबाकडे बघायला लागलो. खरं बोलायचं तर सांगावं लागणार होतं, की साहेब वगैरे कोणी नाही, हे माझे घरमालक, मी ह्यांना फुकट सुट्टी मिळावी म्हणून आणलंय. मग प्रांजलचा फोन मॅडमना जाणार आणि सोमवारपासून मी सेलूत. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काकांनी ते पाहिलं. त्यांनी चावी घेतली.

“लॉगबुक खय असा?” ते म्हणाले. घाबरले की काकांच्या तोंडून मालवणी येते.

“लॉगबुक? नाही सर. काशीराम बोटाने बघतो.”

“बोटाने काय बघतो?”

“पाणी. टबात बोट घालून.”

शेड कॉटेजच्या मागे, जास्वंदीच्या कुंपणापलीकडे होती. सहाही टबांना पाणी तापवणारा एकच मोठा बंब, लाकडावरचा. काकांनी आत पाऊल टाकलं आणि देवळात चप्पल दिसावी तसा त्यांचा चेहरा झाला. बंबात पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी काजळीने काळी ठिक्कर. आणि दाब वाढला की आपोआप उघडतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह चक्क तारेने बांधून ठेवलेला.

“ही तार कोणी बांधली?”

“सर, तो मधेच शिटी मारतो. गेस्ट दचकतात.”

काकांनी पक्कड मागून घेतली, आग उतरवायला लावली, तार कापली आणि खिशात टाकली. ती तार आजही त्यांच्या शर्टाच्या खिशात असते. मग त्यांनी बाह्या दुमडल्या.

“काका, आग विझवून टाका ना,” मी हळूच म्हटलं. “म्हणा, नापास.”

“पाच कॉटेज भरलेल्या आसत रे झिला. बोरिवलीची चार कुटुंबं आहेत, म्हातारी माणसं आहेत. आणि नापास म्हटलं तर कागद मागतील, कागदावर माझा हुद्दा मागतील. मग तुझं काय?” काच पुसत पुसत ते म्हणाले, “तुझी ती वही दे. फोटोंच्या नोंदींची.”

माझ्या वहीत त्यांनी रेघा मारल्या. वेळ, दाब, पाणी, लाकडं, सही. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘सकाळी १०.१५, चार्ज घेतला.’ देणाऱ्याची सही रिकामी. त्या रकान्याकडे मला बघवेना.

तर असे आम्ही तिघं अडकलो. काका आगीपाशी, कारण पेटत्या आगीला पाठ दाखवायची त्यांना माहीत नाही. मी माझ्या खोटेपणापाशी. आणि काकी टबात.

संध्याकाळी चार वाजता काळी लेगिंग घालून त्या एकट्या पाण्यात उतरल्या. कुंपणाच्या अलीकडे त्या, पलीकडे काका, मधे जास्वंद.

“पाणी कसा असा गो?” पलीकडून आवाज आला.

“गरम.”

“फार गरम?”

“गरम म्हणजे गरम!”

थोड्या वेळाने, “आता?”

“आता पण.”

काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघ. एकतीस वर्षांचा संसार. तो सगळा एवढाच.”

मी फोटो काढल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गंमत कळली. खाणीचा जुना भोंगा मालकाने जपून ठेवला होता आणि सकाळी आठला नाश्त्यासाठी तो वाजवत. गेस्ट लोक टाळ्या पिटायचे, व्हिडिओ काढायचे. भोंगा झाला की काका बाकावरून उठायचे, गेटकडे बघायचे. पाळी बदलली, आता कोणीतरी येईल. कोणी यायचं नाही. यायच्या त्या बोरिवलीच्या आजी, रुमालाने डोकं बांधून. “अहो बंबवाले काका, आमच्याकडे जरा कोमट येतंय हां.” आणि काका म्हणायचे, “पाच मिनिटं द्या ताई.” आणि पाचव्या मिनिटाला आजी पलीकडून ओरडायच्या, “झकास!”

मग काका जे हसायचे, ते मी विक्रोळीत चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

ते काकींनीही पाहिलं. शनिवारी दुपारी त्या पायरीवर बसून ओले केस पुसत होत्या. मी म्हटलं, “सॉरी काकी.” त्या म्हणाल्या, “तुझा राग नाही येत रे, तू तर काय, मूर्खच आहेस. त्यांना बघ. दोन वर्षं घरात तोंड पाडून बसले होते. मला वाटायचं थकलेत. थकले नव्हते, माझ्याजवळ बसून कंटाळले होते. इथे आले नि फुललेत. माझ्यामुळे नाही. त्या बंबामुळे.”

रात्री आग राखेखाली दाबून काका साडेदहाला आले, आडवे झाले आणि पहाटे साडेचारला अंथरूण रिकामं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर काकींनी बॅग भरली. सगळ्यात वर लेगिंग ठेवली. मग ती परत बाहेर काढली, माझ्या मानगुटीवर हात ठेवला आणि मला शेडकडे चालवत नेलं.

“ओ,” त्या दारातून म्हणाल्या, “हा तुमचा रिलीव्हर.”

काका लाकडं मोजत होते. “ह्याच्याकडे लायसन नाही.”

“बंबाकडे तरी कुठाय?”

“विमल, आगीचं काम आहे. पोरगं—”

“पोरगं सव्वीस वर्षांचं आहे. त्याच वयात तुम्ही एकटे रात्रपाळी करायचात. सहाला बस आहे. पाचला तो काशीराम येणार. चार ते पाच. एक तास. मी दोन दिवस एकटी उकडत बसले, कोणाला काही बोलले का? सांगू का जाऊन त्या प्रांजलला, की हे साहेब नाहीत आणि हा पोरगा चोर आहे? सांगू?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बंबाकडे, मग काकींकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं पाहिलं, की दोन आगी आहेत आणि दोन्हींपाशी थांबायचंय.

“बस,” ते मला म्हणाले. “ऐक.”

दोन तास माझी तोंडी परीक्षा झाली. सेलूच्या सरांनी एवढं छळलं नव्हतं. पाणी नळीत कुठवर? अर्ध्यावर. नळीत दिसेनासं झालं तर? तुम्हाला हाक. काटा लाल रेघेला टेकला तर? तुम्हाला हाक. लाकूड किती? दहा मिनिटांनी एक. दोन घातली तर? “तर मी तुका त्यात घालीन,” काका म्हणाले.

चारला पाच कमी असताना त्यांनी वही उघडली. ‘दुपारी ४.००, चार्ज दिला.’ सही केली. पुढच्या रकान्यात मी सही केली. दहा मिनिटांचा हिशोब ठेवायला घड्याळ लागतं आणि माझ्याकडे होता फक्त मोबाईल. “मोबाईल बघायला लागलास की बघतच बसशील,” म्हणत काकांनी मनगटावरचं घड्याळ उतरवलं आणि माझ्या हातावर बांधलं. काकींनी एकतीस वर्षं मागितलेलं ते घड्याळ माझ्यासाठी अर्ध्या मिनिटात उतरलं. मनगटावर पांढरा पट्टा राहिला होता, नव्या माणसाच्या कातडीसारखा.

मग ते गेले. लुंगी सोडून चड्डी-बनियनवर टबात उतरल्याचा आवाज आला आणि पाणी काठावरून फरशीवर सांडलं.

पहिली दहा मिनिटं नुसतं पाणी डुचमळत होतं. मी एक लाकूड घातलं.

“पाय कुठे ठेवू?” काका म्हणाले.

“ठेवलात ना. ते माझे आहेत.”

“माफ कर.”

“राहू देत.”

काटा बरोबर होता, पाणी बरोबर होतं. मी आणखी एक लाकूड घातलं आणि बाक जास्वंदीकडे थोडा सरकवला. तपासनीसाचा मदतनीस म्हणून, आवाज नीट यावा एवढ्यासाठी.

“गंधालीच्या वेळी,” काकी म्हणत होत्या, “मी सिस्टरला म्हटलं, येतील, रिलीव्हर आला की येतील. ती म्हणाली, नवरा काय मिलिटरीत आहे? मी म्हटलं, हो.”

“हो म्हणालीस?”

“मग काय सांगणार? बंबाशी लग्न झालंय सांगू?”

काका हसले. मग म्हणाले, “नाना गेला तेव्हा मी रडलो नाही. घरी येऊन जेवलो. तुका आठवता?”

“आठवतं. दोनदा भात घेतलात.”

“त्या दिवशी पाळीला उभा होतो आणि मला वाटलं, आता ह्या वेळी तरी हा वेळेवर येईल.”

मी हे ऐकत होतो. एक हात लाकडांच्या ढिगावर होता. काकी काहीतरी अगदी हळू म्हणाल्या, ते ऐकायला मी वाकलो, आणि हात आपोआप एक लाकूड उचलून आत टाकत राहिला. मग आणखी एक. तीन झाली की चार, मला खरंच माहीत नाही. वहीत मी काही लिहिलंच नव्हतं.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला.

खाणीचा भोंगा त्यापुढे बासरी होता. शेड पांढरी झाली. बाकीच्या अंगणांतून पोरं ओरडली, बोरिवलीच्या आजींनी देवाचं नाव घेतलं. मी मात्र पुतळा. शिकवलेलं एकच उत्तर आठवत होतं, तुम्हाला हाक, आणि तेही मी मनातच देत होतो.

हाकेची गरज पडली नाही. जास्वंदीच्या कुंपणातून, वळसा न घालता, सरळ मधून काका आले, चड्डी-बनियनवर, निथळत, छातीला तांबडं फूल चिकटलेलं. “बाजूक हो!” त्यांनी भट्टीचं दार उघडलं, चिमट्याने पेटती लाकडं ओढून मातीवर टाकली, पंप सुरू केला आणि काचेच्या नळीपाशी डोळा लावून उभे राहिले. दोन-तीन मिनिटांत शिट्टी बसली. तार कापली नसती तर काय झालं असतं, ते मला आजही कुकरची शिट्टी झाली की आठवतं.

काकांनी माझं मनगट धरून घड्याळ पाहिलं. वही ओढून ओल्या हाताने लिहिलं, ‘४.४०, चार्ज परत घेतला.’

कुंपणाच्या भोकातून काकी दिसत होत्या. टबाच्या काठावर हनुवटी टेकून त्या बघत होत्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं.

“चाळीस झाली,” त्या म्हणाल्या. “वीस बाकी.”

काशीराम पाचला दहा मिनिटं असताना लाडूंचा पुडा घेऊन आला. शर्ट चढवून काकांनी त्याला काच दाखवली, काटा दाखवला, खिशातली तार दाखवली. “परत बांधशील?” तो नाही म्हणाला. काकांनी त्याच्याकडून सही घेतली, मग त्याच्या डोळ्यांकडे बघून आणखी एकदा घेतली. वही मात्र माझी होती म्हणून मी घेऊन आलो. बस सुटेपर्यंत काकी ती चाळत होत्या.

सोमवारी मी ऑफिसात सगळा रिपोर्ट दिला, व्हॉल्व्हसकट. बंब बदलेपर्यंत तांबडवाडी साइटवर चढली नाही. तपासणी इतकी बारीक कोणी केली, म्हणून मॅडम खूश झाल्या. काकांनी दर महिन्याला एक जागा तपासून द्यावी, असं त्यांचं म्हणणं आहे. मी काय करणार, हो म्हणालो. पुढचा फॉर्म काकांनी स्वतः भरला, एकही रकाना रिकामा न सोडता. ‘सोबत’ असं विचारलं होतं तिथे त्यांनी विमल जयवंत घाडी लिहिलं आणि काकींपुढे धरलं.

“मी येणार नाही,” काकी म्हणाल्या. “आधीचं मिटवा.”

त्या संध्याकाळी काका गॅलरीत आले. माझ्या खाटेवर काकी बसल्या होत्या, त्यांच्या बाजूला बसले. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि ग्रिलमधून बाहेर बघत राहिले. आत कुकरची शिट्टी झाली. काकांचे गुडघे हलले, पण ते उठले नाहीत. दुसरी झाली. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली. तिसरीला काकी स्वतः उठल्या आणि गॅस बंद करून परत येऊन बसल्या.

मी घड्याळ बघत होतो. बरोबर वीस मिनिटं झाल्यावर म्हटलं, “काकी, झाली.”

“कसली झाली?”

“बाकीची. वीस.”

“मेल्या,” काकी म्हणाल्या, “ही कुठून धरतोस त्यात? टबातली टबातच.”

काकांनी हात पुढे केला, मी घड्याळ परत दिलं. त्यांनी ते मनगटावर बांधलं नाही, खिशात टाकलं, तारेच्या बाजूला. पुढच्या महिन्याची जागा माथेरानच्या पायथ्याशी आहे. तिथे टब आहे का, हे विचारायला काकांनी मला आतापर्यंत चारदा पाठवलंय.